मेंढा मागून बघायचा

११ सप्टेंबर

आज वजनकाट्याने मला 'सायकलवाला' म्हटलं. तेही मेंढ्यांसमोर.

मी सायकली दुरुस्त करायचो, खरं आहे. त्यात लाजायचं काय? दोन वर्षं केल्या, मग मालकाशी वाजलं. मग बेकरी, तिथं वाजलं. मग कोळशाची वखार, आणि मध्ये आणखी तीन ठिकाणं, ती लिहीत बसत नाही. इथं मेंढ्यांकडे येऊन पाच महिने झाले आणि अजून कोणाशी वाजलेलं नाही. हा माझा विक्रम आहे आणि तो मोडायला हा माणूस टपलाय.

वजनकाटा म्हणजे मावशीचा धाकटा दीर. गावाच्या नाक्यावर ट्रक वजन करायच्या काट्यावर बसतो. माणसाकडे बघतानाही असा बघतो की वाटतं, आता पावती फाडून हातात देईल.

मावशी म्हणजे मालकीण. सख्खी नव्हे, पण पहिल्याच दिवशी म्हणाली, बाईबिई म्हणू नकोस, मावशी म्हण. मागल्या महिन्यात हौदाच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. आता शहरात लेकीकडे पडून आहे. एकतीस मेंढ्या आणि हे घर माझ्यावर सोपवून गेली. जाताना ही वही दिली. म्हणाली, रोज चार ओळी लिही, कोण लंगडतंय, कोण खात नाही. ते मी पुढून लिहितो. मागून हे लिहितो. हे तिच्यासाठी नाही.

आणि म्हणाली, "नवा मेंढा बघ. जुन्याच्या लेकीच आता कळपात झाल्यात, बाप लेकींवर सोडायचा नसतो. वसंतात कोकरं नीट झाली तर दर पाचवी मादी तुझी." माझी! आजवर माझं म्हणण्यासारखं एक पंप आणि दोन पाने होते, तेही त्या सायकल दुकानाच्या मालकाने ठेवून घेतले.

पण काट्याला कळप विकायचाय. म्हणतो, "वहिनीचं हाड जुळलं तरी तिनं या वयात बादल्या उचलायच्या का?" कसली माया! त्या दोघांत एवढंच ठरलंय की मेंढ्या गाभण असल्या तर ठेवायच्या, रिकाम्या राहिल्या तर डिसेंबरात व्यापारी येऊन ट्रकमध्ये भरून नेणार. म्हणजे सगळं त्या मेंढ्यावर आलं. आणि मेंढा मी निवडणार.

काटा म्हणाला, "तू सायकलीचं चाक निवड बाबा. मेंढा निवडायला अक्कल लागते."

बघू कोणाला लागते.

१३ सप्टेंबर

काट्याने मला ओढ्यापलीकडच्या आजीकडे नेलं. तिचा स्वतःचा कळप आहे, पन्नास-साठ मेंढ्यांचा, आणि बिडीसुद्धा स्वतःची, कोणाला देत नाही. तिचा एक मेंढा ती वर्षभरासाठी फुकट द्यायला तयार आहे म्हणे.

मेंढा बघितला आणि मला हसू फुटलं. शिंगं नाहीत. भुंडा. एक कान कुत्र्याने फाडलेला. लोकर अशी, जणू कोणी जुनी गादी उसवून त्याच्यावर टाकलीय. मी म्हटलं, "आजी, हा आजारी आहे का?"

"आजारी तुझा तू," आजी म्हणाली. "चेहरा काय बघतोस? लगीन लावायचंय का त्याच्याशी? मेंढा मागून बघायचा."

आणि तिने खरंच मागून बघितला. खाली वाकून, हात घालून, दोन्ही अंडी चाचपली, जशी भाजीवाल्याकडे वांगी चाचपतात. "ये, तू लाव हात. दोन्ही सारखी पाहिजेत, घट्ट पाहिजेत. जडही लागली पाहिजेत हाताला."

मी म्हटलं, राहू दे. काटा उभा होता समोर, दात काढत. त्याच्यापुढे मी मेंढ्याच्या मागे हात घालू? मग उद्या नाक्यावर प्रत्येक ट्रकवाल्याला सांगणार. मी ओळखतो याला.

"हा घे," काटा म्हणाला. "मी सांगतो म्हणून घे."

तो सांगतो म्हणून! तिथंच माझं ठरलं. जगात दुसरा मेंढा शिल्लक नसता तरी मी तो भुंडा घेतला नसता. आजी परवा कळप घेऊन वरच्या चराईला चालली आहे, महिनाभर. म्हणाली, मन बदललं तर भुंडा खाली ठेवून जाते, खुंट्याला. मी म्हटलं, गरज नाही.

१५ सप्टेंबर

साहेब आणला!

बाजारात शंभर मेंढे असतील, पण तो एकटाच उभा होता, बाकीचे नुसते होते. शिंगं दोन-दोन वेढ्यांची, तेल लावून चकाकवलेली. छाती अशी की दारातून आडवा आत येणार नाही. पाठ सपाट, वर चहाचा कप ठेवला तर सांडणार नाही. मालक जाड मिशांचा, म्हणाला, "प्रदर्शनात दोनदा पहिला आलाय." मी विचारलं, "शिंगं जन्मतःच अशी का?" तो म्हणाला, "जन्मतः कोणाला असतात रे?" आणि मोठ्याने हसला. मोकळा माणूस वाटला.

आपला जुना मेंढा आणि तीन म्हाताऱ्या मेंढ्या देऊन सौदा केला. त्या तिघींतली एक दोन वर्षं व्यालेलीच नाही. मिशीवाल्याला काही कळलं नाही. मनात म्हटलं, अक्कल लागते, काका!

आणखी तीन मेंढ्या त्याच बाजारात आपल्या जास्तीच्या लोकरीवर बदलून आणल्या, त्यामुळे कळप पुन्हा एकतीस.

येताना साहेब गाडीत चढेना. चौघांनी ढकलला. वजन म्हणजे वजन.

वाटेत नाका लागला. मी मुद्दाम गाडी काट्यासमोर सावकाश नेली. काटा बाहेर आला, मेंढ्याकडे बघितलं, पुढून, मग चालत मागे गेला, मग परत माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "हात लावून बघितलास?"

मी म्हटलं, "चला, उशीर होतोय."

तो म्हणाला, "थांब, मी बघतो." मी गाडी चालू करून निघालो. तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. काय बरं वाटलं सांगू!

१७ सप्टेंबर

रविवार. मावशीचा फोन. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन वाजतो तेव्हा बाहेरची मेंढरंसुद्धा कान टवकारतात, त्यांना वाटतं तीच आली.

साहेबाचं वर्णन केलं. ती शिंगांच्या वर्णनाला नुसतं "हं" म्हणाली. मग विचारलं, "भाऊजींना दाखवलास ना? त्यांनी मागून बघितला ना?"

मी म्हटलं, "हो."

म्हणजे त्याने बघितलाच की नाक्यावर. मागे गेलाच होता चालत. हात लावला नाही, पण मी लावू दिला असता तर त्याने नुसतं नाक मुरडलं असतं, म्हणजे लावल्यासारखंच झालं. हे खोटं नाही. हे थोडक्यात सांगणं आहे.

ती म्हणाली, "मग बरं. भाऊजींना जनावर कळतं."

म्हणजे मला नाही! मी निवडला, मी आणला, आणि नाव त्याचं. वाहवा.

१८ सप्टेंबर

साहेबाला कळपात सोडला. सोडण्याआधी त्याच्या छातीला रंग फासायचा असतो, तेलात कालवून, चांगला जाड. तो मेंढीवर चढला की तिच्या पाठीच्या मागल्या भागाला रंग लागतो आणि आपल्याला लांबूनही कळतं, हिचं झालं. ही पद्धत ज्याने काढली त्याला मानलं.

मावशीने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. आधी पिवळा, सतरा दिवसांनी गेरू, आणखी सतरा दिवसांनी निळा. का, ते लिहिलेलं नाही. बहुतेक पावसाने धुऊन जातो म्हणून. पण मग पिवळाच परत का नाही लावायचा? म्हाताऱ्या माणसांच्या एकेक खोडी. पण लिहिलंय तर करायचं.

साहेब आधी तासभर नुसता उभा राहिला. मग खाल्लं. मग परत उभा राहिला. मोठ्या माणसांचं असंच असतं.

२४ सप्टेंबर

नऊ मेंढ्या पिवळ्या. पुढून लिहिलं, मागूनही लिहितो, कारण आनंद दोन्हीकडे मावतो.

फाटकाशी कोणीतरी खुराकाची दोन पोती ठेवून गेलंय. काट्याच्या गाडीची चाकं मी ओळखतो, मागचं डावं गुळगुळीत झालंय. आत आला नाही, बोलला नाही, पोती ठेवली आणि गेला. भीक घालतोय का मला? मावशी गेल्यापासून हे तिसऱ्यांदा. हौदाची पायरीही कोणीतरी मागल्या आठवड्यात खरबरीत करून गेलंय, छिन्नीने. विचारायचं नाही, सांगायचं नाही, नुसतं येऊन आपलं मोठेपण ठोकून जायचं.

पोती आत नेली. मेंढ्यांचा काय दोष?

२ ऑक्टोबर

एकतीसच्या एकतीस पिवळ्या! शेवटची ती काळ्या तोंडाची राहिली होती, तीही आज.

दादाला फोन केला. माझा थोरला भाऊ, गावाकडे गॅरेजात असतो. म्हटलं, वसंतात माझी स्वतःची कोकरं असतील. तो म्हणाला, "आणि जानेवारीत तू तिथून पळालेला असशील." मी म्हटलं, "या वेळी नाही." तो म्हणाला, "बेकरीतही असंच म्हणाला होतास. तेव्हा पावांची शपथ घेतली होतीस."

सख्खा भाऊ. ही किंमत.

५ ऑक्टोबर

सतरा दिवस झाले. साहेबाला धुतला, गेरू फासला. त्याला धुणं आवडतं, माझ्याकडे मान तिरकी करून बघत होता. मला वाटतं त्याला प्रदर्शनाची आठवण येते.

१२ ऑक्टोबर

काय दम आहे या जनावरात! सात दिवसांत सोळा मेंढ्या पुन्हा. पिवळ्यावर लाल, लालाखाली पिवळा, कळप असा दिसतो जणू कोणी आंब्याची पेटी उपडी केलीय. एकदा झालेल्या मेंढीलाही सोडत नाही. त्या फाटक्या कानाच्या भुंड्याने केलं असतं का हे? पहिल्या दहांतच दमून झोपला असता.

रविवार नव्हता, तरी मावशीचा फोन आला. आवाज खोल गेलाय तिचा. म्हणाली, लेक चांगली आहे, पण घरात चौथ्या मजल्यावर खिडकीतून नुसत्या दुसऱ्या खिडक्या दिसतात. मग विचारलं, "उलटल्या का काही?"

आता हा प्रश्न मला नवा नाही. आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक मेंढी उताणी पडून चारी पाय हवेत झाडत होती. लोकर जड झाली की त्यांना स्वतःहून उठता येत नाही, पोट फुगून जीव जातो. मावशी तेव्हा घरातून ओरडत धावली होती, "उलटली, उलटली! धर तिला!" तेव्हापासून मी दिवसातून तीनदा सगळं कुरण पालथं घालतो, कोणी उलटलंय का बघायला. माझ्या हाताखाली आजवर एक नाही. म्हणून छाती पुढे काढून सांगितलं, "एकही नाही, मावशी."

"एकही नाही?"

"एकही नाही. शपथ."

ती म्हणाली, "देव तुझं भलं करो. पहिल्याच फेरीत सगळ्या? असा मेंढा मी जन्मात बघितला नाही." आणि रडली बहुतेक. म्हणाली, "भाऊजींना सांगते, व्यापाऱ्याला नाही म्हणा."

मला नीटसं कळलं नाही. मेंढ्या उताण्या न पडण्याचा मेंढ्याशी काय संबंध? पण म्हाताऱ्या माणसाला आनंद झाला तर प्रश्न विचारू नयेत.

१९ ऑक्टोबर

पुढून आज काहीच लिहिलं नाही.

दुपारी पलीकडची आजी कळप घेऊन वरून खाली आली. ओढ्याच्या काठाने जाताना आमच्या कुंपणाशी थांबली. मी साहेबाला घासत होतो. म्हटलं, आता बघ म्हणावं.

तिने बिडी तोंडातून काढली. "अगं बाई! सगळ्या उलटल्या की रे!"

मी घमेलं टाकून पळालो. कुरणभर बघितलं. सगळ्या उभ्या, सगळ्या चरतायत. मी ओरडलो, "कुठे? चारी पायांवर आहेत सगळ्या!"

"पायांचं काय करायचंय? पाठी बघ. पिवळ्यावर लाल."

"मग? पुन्हा केलं त्याने. दमदार आहे."

आजीने बिडी विझवली. मग कुंपणाच्या तारा वाकवून आत आली, सत्तरीची बाई, आणि माझं मनगट धरलं. म्हणाली, "पोरा, मेंढी गाभण राहिली की मेंढ्याला जवळ येऊ देत नाही. राहिली नाही तर सतरा दिवसांनी परत माजावर येते. त्याला उलटणं म्हणतात. गाय उलटते, म्हैस उलटते, मेंढी उलटते. त्यासाठी रंग बदलतात. तुझ्या किती उलटल्या?"

मोजल्या. आधीही रोज मोजतच होतो, कौतुकाने. एकोणतीस.

"मग ज्या दोन राहिल्या त्याही उद्या-परवा," आजी म्हणाली. आणि साहेबाच्या मागे जाऊन हात घातला. लगेच बाहेर काढला. "हे काय? लोणी आहे हे."

या वेळी मीही हात लावला. मऊ. पिकून गेलेल्या अंजिरासारखी. एक तर नावालाच.

एकच शब्द आहे आणि त्याचे दोन अर्थ! कोणी ठरवलं हे? जनावर पाठीवर पडलं तरी उलटलं आणि गाभण नाही राहिलं तरी उलटलंच? शब्दांची एवढी टंचाई आहे का? मला सांगायला काय झालं होतं कोणाला? सहा महिने मी इथं आहे, एकाने म्हटलं नाही की बाबा, या शब्दाचं असं आहे. सगळ्यांना जन्मतःच माहीत असतं आणि वर सायकलवाल्याला हसायचं!

मावशीला मी शपथेवर सांगितलं, एकही नाही.

२० ऑक्टोबर

आजीने सकाळीच भुंडा आणून सोडला, छातीला निळा रंग फासून. आमच्याकडून काही मागितलं नाही. "मन बदललं वाटतं," एवढंच म्हणाली. साहेबाला गोठ्यात बांधला.

काट्याला तिनेच कळवलं असणार. तो गुरांच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरने साहेबाला पाच मिनिटं तपासलं. म्हणाला, "दोन वर्षं नुसता चारून प्रदर्शनात उभा केलाय. चरबीने गेलं, नाहीतर कधी ताप येऊन गेला असेल. दिसायला राजा आहे, बाकी काही नाही." आणि भुंड्याकडे बघून म्हणाला, "हा असताना तो का घेतलात?"

काटा काही बोलला नाही. मी म्हटलं आता बोलेल, आता बोलेल. शब्द तयार ठेवले होते मी सुद्धा. पण हा माणूस ऐन वेळी गप्प बसतो, तेच त्याचं खोडसाळपण.

मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि गोठ्यातल्या ओट्यावर ठेवून मावशीला लावला, मोठ्या आवाजावर. सरळ सांगितलं, "वहिनी, मेंढा बाद निघाला. सगळ्या उलटल्या. भुंडा सोडलाय, पण कोकरं आली तर उशिरा येतील."

मग मावशी म्हणाली, "तुम्ही बघून घेतला होतात ना, भाऊजी?"

मी जमिनीकडे बघत होतो. गोठ्यात शेण साफ करायचं राहिलं होतं.

"तुम्ही हात लावून बघितला, असं पोरगा म्हणाला. तुम्हाला कळलं नाही? का कळलं, आणि गप्प राहिलात? कळप विकायचाच होता तुम्हाला. तोंडावर सांगायचं होतं. मी काय अडवणार होते, पाय मोडलेली बाई?"

काट्याने माझ्याकडे बघितलं. तसंच, वजन करतात तसं. मग फोनकडे वळून म्हणाला, "लक्ष नव्हतं माझं, वहिनी. चुकलं."

मला वाटलं होतं आजवर मला राग येतो म्हणजे काय ते मला माहीत आहे. काही माहीत नव्हतं. डोक्यात अशी तिडीक गेली की साहेबसुद्धा दावणीला मागे सरला. माझी चूक हा आपल्या नावावर घेतो? याला कोणी अधिकार दिला? माझ्यावर उपकार करून जन्मभर मिरवणार हा! पोती ठेवतो, पायरी ठोकतो, आणि आता माझं पापसुद्धा उचलून नेतो!

मी फोनवर ओरडलो, "खोटं बोलतायत हे! यांनी बघितलाच नाही. बघतो म्हणाले होते, मी गाडी पळवली. तुला मी खोटं सांगितलं. यांनी भुंडा घे म्हटलं म्हणून मी तो घेतला नाही. शिंगं बघून घेतला, मावशी. हात लावायची लाज वाटली. आणि उलटल्या म्हणजे मला वाटलं उताण्या पडल्या!"

डॉक्टर खोकत बाहेर गेला. हसत होता.

मावशी हसली नाही. म्हणाली, "शब्द कळला नाही, त्याचं काही नाही. मी सांगायला हवं होतं, चुकले मी. पण खोटं बोललास, ते तुला कळत होतं."

"हो."

"तुझ्या खोट्यापायी मी आत्ता या माणसाला काय नाही ते बोलले. पाचव्या कोकराचं विसर आता. भाऊजी, मला माफ करा. कळपाचं तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

काटा म्हणाला, "व्यापाऱ्याला पुढल्या महिन्याच्या अखेरीपर्यंत काही कळवत नाही. भुंड्याचं काय होतं ते बघू." आणि फोन ठेवला.

जाताना मला म्हणाला, "मी सांभाळून घेत होतो ना, मध्ये कशाला बोललास?"

मी म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं सांभाळायला?"

"तुझी कोकरं गेली."

"जाऊ देत. माझीच गेली ना? तुमची तर नाही?"

तो मान हलवत गेला. गोठा झाडला मी. दोनदा.

२३ ऑक्टोबर

मिशीवाल्याकडे गेलो, साहेबाला गाडीत घालून. काटा बरोबर आला. मी बोलावला नव्हता.

मी म्हटलं, "फसवलंत मला."

मिशीवाला म्हणाला, "मी? तू विचारलंस का पैदाशीला चालेल का? तू विचारलंस शिंगं जन्मतः अशी का. मी त्याचं उत्तर दिलं."

चौकात उभा करून बडवावा असा माणूस. पण खरंच मी तेवढंच विचारलं होतं.

तेव्हा काटा पुढे झाला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "उद्या बाजारात मी हा मेंढा प्रत्येकाला मागून दाखवतो, तुझं नाव सांगून. नाहीतर हा ठेव, आणि याचा जुना मेंढा अन् तीन मेंढ्या परत दे."

मिशीवाला मिशी चावत बसला. मग म्हणाला, "मेंढा विकला. दोन मेंढ्या देतो. तिसरी देणार नाही."

"का?"

"ती गाभण आहे."

आमच्याकडे दोन वर्षं न व्यालेली! मी चोरून त्याच्या गळ्यात मारलेली! साहेबाला तिथंच सोडून दोघींना गाडीत घातलं. परत येताना काटा गाडी चालवत होता आणि त्याचे खांदे हलत होते. आवाज न करता हसतो हा माणूस. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्या दोघी मागे ओरडत होत्या.

६ नोव्हेंबर

भुंड्याला सतरा दिवस झाले. तेहेतीसपैकी तेहेतीस निळ्या, पण आता मी आनंद करत नाही. आनंदाचे दिवस यापुढे सुरू होतात, आणि यात आनंद म्हणजे काही न होणं. आज त्याच्या छातीला काजळी फासली, तेलात. आता जी काळी होईल ती उलटलेली.

भुंडा खराब झालाय. बरगड्या दिसतात. खुराक दुप्पट केला. काम करणारे असेच दिसतात बहुतेक.

पुढून रोज लिहितो. आज काळ्या, शून्य. मावशीचा रविवारी फोन येतो, पण आता ती फक्त कळपाचं विचारते. माझं जेवण झालं का, ते विचारायची आधी.

२० नोव्हेंबर

चौदा दिवस झाले, काळ्या फक्त तीन. तीनच! त्यातली एक ती काळ्या तोंडाची, ती मुद्दाम करते. बाकी तीस भुंड्याला जवळ फिरकू देत नाहीत. तो जवळ गेला की शेपूट खाली आणि चालू पडतात. बिचारा कुंपणापाशी एकटा उभा असतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाचा तरी अपमान बघून बरं वाटतंय.

काटा आला होता. सगळ्यांच्या पाठी स्वतः फिरून बघितल्या, मग फाटकावर वाकून व्यापाऱ्याला फोन केला. माझ्यासमोर. "नाही, यंदा नाही. गाभण आहेत." एवढंच बोलला.

मावशीला मी सांगितलं. ती म्हणाली, "तीनच? बरं." म्हटलं आणखी काही म्हणेल. मग म्हणाली, "मार्चपर्यंत मला काठी घेऊन चालता येईल म्हणतात. तेव्हा येते." कोकराचं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं का? मला तोंड आहे का?

संध्याकाळी दादाचा फोन. मीच मागे त्याला सगळं सांगून बसलो होतो, आता भोगतोय. म्हणाला, "वाटा तर गेला. मग तिथं काय करतोस? गॅरेजात जागा रिकामी आहे, पिशवी भर आणि ये. नाहीतरी तुझी वेळ झालीच पळायची."

मला संतापच आला. म्हटलं, "मार्चअखेर तीस मेंढ्या मोकळ्या होणार, एकामागून एक. इथं कोण आहे? त्या बाईला काठी. त्या वजनकाट्याची नोकरी. आडवं आलेलं कोकरू कोण ओढणार, तू? भिजलेलं पुसणार कोण? आणि पिशवी भर म्हणतोस!"

"पण एकही तुझं नाही ना त्यातलं?"

"मग काय झालं? त्यांना ते माहीत आहे का?"

दादा म्हणाला, "बरं बरं. मग येणार कधी?"

"व्याल्यावर."

"कोण, तू?"

आणि हसत सुटला. मी रिसीव्हर भिंतीवर आपटला, तो तारेला लोंबकळत राहिला. मग लक्षात आलं, फोन मावशीचा आहे, फुटला असला तर आणखी एक पाप. घाईघाईने उचलून कानाला लावला. चालू होता. दादा अजून हसतच होता.